शेजाऱ्याची झोप आणि नाचणाऱ्याचा कान

भाद्रपद उलटायला लागला की बडोद्यात दरवर्षी तोच वाद उकरून निघतो: गरबा रात्री बाराला थांबवायचा की पुढे चालू द्यायचा? एक बाजू म्हणते, वर्षातून नऊच तर रात्री आहेत, सण माताजीचा आहे. दुसरी म्हणते, सकाळी सहाची पाळी आहे, घरात म्हातारी माणसे आहेत, पोराची परीक्षा आहे. दोघांचेही खरे आहे. गंमत अशी, की दोघेही घड्याळाकडे बघून भांडतात. मैदानात नाचणाऱ्या हजारो माणसांच्या कानावर किती डेसिबल पडतात, हे कोणी विचारतच नाही. ना पोलीस, ना आयोजक, ना पास काढून आत शिरणारा.

आमचे म्हणणे असे की परवानगीच्या कागदावर वेळेच्या जोडीला आवाजाचा आकडा हवा, आणि तो आकडा मैदानाच्या कुंपणापाशी नव्हे तर श्रोत्याच्या कानापाशी मोजलेला हवा. त्याने गरब्याची मजा जाईल ही भीती फुकाची आहे. कानाचे नुकसान करणारा बहुतेक आवाज मजेसाठी लागतच नाही. तो स्पीकर चुकीच्या जागी ठेवल्यामुळे आणि फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) थकलेल्या कानाच्या भरवशावर ढकलल्यामुळे तयार होतो.

आधी कायदा. देशाचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी सोसायटीला लागून असलेल्या पार्टी प्लॉटच्या भिंतीवर रात्री दहापूर्वी ६५ आणि दहानंतर ५५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. वेळेचा सगळा वाद या एका सवलतीभोवती फिरतो.

नियम वाईट नाही, पण तो लिहिला आहे शेजाऱ्यासाठी. मोजमाप हद्दीवर, हेतू झोप आणि शांततेचा. आत जो उभा आहे त्याच्याविषयी नियमात अवाक्षर नाही. याचा विचित्र परिणाम वातानुकूलित डोममधल्या गरब्यात दिसतो. बंद सभागृहाला रात्रीच्या बंदीतून सूट आहे. भिंती जाड असल्या की बाहेर आवाज येत नाही, तक्रार होत नाही, कागद स्वच्छ. आत मात्र छत आणि भिंती आवाज परतवतात आणि नाचणाऱ्याला उघड्या मैदानाहून जास्त मारा बसू शकतो. कायद्याच्या दृष्टीने आदर्श असलेला हा गरबा कानाच्या दृष्टीने सर्वांत वाईट असू शकतो.

आता मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत जाऊ. तिथे प्रेसवर काम करणाऱ्याचा कान कायद्याच्या नजरेत आहे. कारखाना कायद्याखालचे आदर्श नियम आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घालतात आणि त्यापुढे कानाला संरक्षण मागतात. खरे तर ही मर्यादाही जुनी आणि सैल आहे. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची संस्था, निऑश, ८५ डेसिबलला आठ तास सांगते आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे. दिवसा इअरमफ लावून प्रेस चालवणारा तोच कामगार संध्याकाळी पाचशे रुपयांचा पास काढून जिथे जातो, तिथे त्याला वाचवणारा एकही नियम नाही. आवाज यंत्राचा असो वा ढोलाचा, कानाच्या आतल्या पेशींना त्यातला भेद कळत नाही.

या ३ डेसिबलच्या पायरीत सगळी फसवणूक आहे. डेसिबल ही बेरजेची नव्हे, गुणाकाराची पट्टी आहे. ९४ वरून ९७ झाले तर ऐकणाऱ्याला जेमतेम फरक जाणवतो, पण ऊर्जा दुप्पट झालेली असते. १० डेसिबल वाढले की आपल्याला ‘दुप्पट मोठा’ वाटते आणि ऊर्जा दहापट झालेली असते. म्हणजे ‘फार काही वाढवले नाही’ असे ऑपरेटर म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या संवेदनेने ते खरेच असते.

आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत, केशपेशी असतात. एका कानात आतल्या ओळीत साधारण ३,५०० आणि बाहेरच्या ओळींत साधारण १२,०००. पक्ष्यांत या पेशी पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. कानाची बाह्यनळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपसूक वाढवते. त्यामुळे आवाजाचा पहिला घाव ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यावर पडतो आणि श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० पाशी खाच दिसते. बोलण्यातले स, श, फ, थ यांसारखे हलके पण अर्थ ठरवणारे आवाज याच वरच्या पट्ट्यात असतात. स्वर खालच्या पट्ट्यात, ते शाबूत राहतात. म्हणून असा माणूस ‘ऐकू येत नाही’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ लग्नाच्या पंगतीत, चालत्या पंख्याखाली, दोघे एकदम बोलत असताना त्याची पंचाईत होते. घरचे म्हणतात, याचे लक्ष नसते.

दडे बसून सकाळी मोकळे झाले म्हणजे काही बिघडले नाही, हा समज तर सार्वत्रिक आहे. दडे बसणे म्हणजे केशपेशींनी तात्पुरते हात टेकणे. चाचणीचा आकडा एक-दोन दिवसांत मूळपदावर येतो हे खरे. पण २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की आकडा परत आल्यावरही केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातल्या जोडण्या कायमच्या तुटलेल्या असू शकतात. माणसात हे कितपत होते यावर तज्ज्ञांत अजून वाद चालू आहे. पण रोज रात्री दडे बसवून घेणे हे निरुपद्रवी आहे, असे त्या वादातली कुठलीच बाजू म्हणत नाही. कानात कुई वाजत राहिली तर तो इशारा त्याहून स्पष्ट.

आता नवरात्राचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेचे करमणुकीच्या आवाजासाठीचे माप आठवड्याचे आहे: मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल, ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, ४० तास. समजा, मैदानात नाचणाऱ्याच्या कानाशी सरासरी ९७ डेसिबल पडतात. ही काही अफाट कल्पना नाही, शेजारच्याशी कानात ओरडून बोलावे लागते अशी कुठलीही जागा त्या आसपास असते. ९७ ला आठवड्याचा कोटा साधारण ४८ मिनिटांत संपतो. रोज तीन तास धरले तर सात रात्रींचे २१ तास होतात, म्हणजे कोट्याच्या सव्वीसपट. शेवटच्या दोन रात्री अजून बाकी आहेत.

पण ‘सरासरी’ येते कुठून ते पाहिले पाहिजे, कारण सुटका तिथेच आहे. गरब्यात माणूस एका जागी उभा नसतो, वर्तुळात फिरतो. एका फेरीला आठ मिनिटे लागली असे धरा. त्यातली सात मिनिटे तो ९१ डेसिबलमध्ये आहे आणि एक मिनिट स्पीकरच्या थप्पीसमोरून जातो, जिथे १०६ आहेत. ऊर्जेच्या हिशेबाने त्या फेरीची सरासरी जवळजवळ ९८ येते. म्हणजे सात मिनिटांनी काहीच ठरवले नाही, सगळे त्या एका मिनिटाने ठरवले. आता थप्पीसमोर बांबू आणि दोरी बांधून लोकांना आधीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. तिथला आवाज १०६ वरून १०० वर येतो आणि फेरीची सरासरी ९४ च्या खाली उतरते. गायक तोच, ढोल तोच, मैदानाच्या उरलेल्या भागात एक डेसिबलही कमी केलेला नाही. आणि कानावरचा भार निम्म्याहून कमी. एका दोरीने.

स्पीकरची उंची हा दुसरा उपाय, आणि आमच्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. डोक्याच्या उंचीवर स्टँडवर ठेवलेल्या टॉपपासून (मधले आणि वरचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरपासून) जवळचा कान एक मीटरवर असू शकतो. तोच टॉप ट्रसवर (धातूच्या सांगाड्यावर) सहा मीटर उंच टांगून खाली झुकवला तर जवळात जवळचा कान साडेचार मीटरवर जातो, म्हणजे सुमारे १३ डेसिबलचा दिलासा. मागच्या माणसाला मात्र जवळजवळ तेवढेच ऐकू येते. ट्रसचे भाडे आणि उभारणी यांमुळे छोटी मंडळे हे टाळतात, हे समजण्यासारखे आहे. ज्यांचे पास हजारोंनी विकले जातात त्यांनी टाळावे हे समजण्यासारखे नाही.

तिसरा उपाय म्हणजे एका टोकाच्या राक्षसी थप्पीऐवजी मैदानभर लहान स्पीकर वाटणे. एकाच टोकावरून १०० मीटरपर्यंत आवाज पोचवायचा तर पुढच्यांना भाजून काढण्याशिवाय गत्यंतर नसते. दर १५–२० मीटरवर स्पीकर असला तर प्रत्येकाला फक्त आपल्या तुकड्यापुरते वाजावे लागते. ऑपरेटर याला नाखूश असतात त्याला एक खरे कारण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर चालतो. मुख्य स्टेजपासून ५० मीटरवरच्या स्पीकरने लगेच वाजायला सुरुवात केली तर तिथल्या माणसाला तोच ठेका दोनदा ऐकू येतो, एकदा जवळून आणि सुमारे १४३ मिलिसेकंदांनी दुरून. दोन टाळ्यांत अर्धा सेकंद असेल तर हा घोळ ठेक्याच्या चौथाईहून मोठा. पावले चुकतात, लोक शिव्या घालतात. उपाय मिक्सरमध्येच असतो: त्या स्पीकरला अंतराप्रमाणे डिले, म्हणजे उशीर द्यायचा, मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद, आणि संध्याकाळी कोणी नसताना टाळी वाजवून कानाने तपासायचे. दीड-दोन तासांचे काम आहे. ते न करता फेडर वर ढकलणे सोपे पडते.

आणि फेडर वर जातोच. रात्र चढते तसा आवाज चढतो, हे कोणत्याही मैदानात दिसेल. उत्साहाचा त्यात भाग आहे, पण मुख्य कारण शारीरिक आहे. ऑपरेटर, गायक, वादक, सगळे संध्याकाळपासून त्याच माऱ्यात बसलेले असतात. अकरा वाजेपर्यंत त्यांच्या कानांना दडे बसलेले असतात. ‘पंच नाही,’ असे स्टेजवरून कोणी ओरडतो, फेडर वर जातो, कान आणखी थकतात, अर्ध्या तासाने पुन्हा पंच नसतो. पुढे ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे जाऊन आवाज फाटायला लागतो, आणि फाटलेला आवाज आणखी कर्कश. हे चक्र कानाने तुटत नाही, मीटरनेच तुटते. मिक्सरशेजारी दर्जा २ चा (अचूकतेच्या दुसऱ्या श्रेणीचा) ध्वनिमापक, पंधरा मिनिटांची सरासरी दाखवणारा, हजार-बाराशे पासांच्या गरब्याला काही जड नाही. लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारे यंत्र) लावायचा तर तो ॲम्प्लिफायरच्या आधी, सील करून. उघडा ठेवलेला लिमिटर पहिल्याच रात्री बाजूला काढला जातो.

जग याबाबत कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या जागांसाठी मानक काढले. त्यात सहा गोष्टी आहेत: पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची वरची मर्यादा, आवाजाचे थेट मोजमाप आणि नोंद, ध्वनिव्यवस्थेची नीट मांडणी, श्रोत्यांना कानाचे संरक्षण, शांत जागा, आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व लोकांना माहिती. स्वित्झर्लंडमध्ये तासाची सरासरी ९३ च्या वर जाणार असेल तर आयोजकाने आधी कळवायचे आणि फुकट इअरप्लग द्यायचे. १०० च्या वर परवानगीच नाही. फ्रान्सचा २०१७ चा आदेश तर आपल्या डीजेवाल्यांसाठीच लिहिल्यासारखा आहे. तिथे दोन मर्यादा आहेत: नेहमीच्या ए मापनात १०२ आणि सी मापनात ११८ डेसिबल. ए मापन बेसला फारसे मोजत नाही. छातीत धडकणारा आणि खिडक्यांची तावदाने वाजवणारा सब (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) ए मीटरवर निरागस दिसतो. सी मापनाने तो पकडला जातो. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कार्यक्रमांना फ्रान्समध्ये ९४ आणि १०४.

बडोद्यासाठी १०० हा आकडा आम्हाला मान्य नाही. युरोपातला माणूस महिन्यातून एखाद्या मैफलीला जातो, इथे नऊ रात्री ओळीने आहेत. ९४ म्हणावे. ९४ ला तरी आठवड्याचा कोटा दीड तासाच्या थोडा पुढे संपतो, म्हणजे ९४ हा सुरक्षित आकडा नव्हेच. नुसत्या आवाजाच्या मर्यादेने २१ तास कोट्यात बसवायचे तर ८३ वर उतरावे लागेल, आणि ८३ मध्ये मोठा गरबा होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. म्हणून मर्यादा एकटी पुरत नाही. ९४ ची मर्यादा आणि कानात प्लग, ही जोडी लागते. दर तासाला दहा मिनिटे स्टेजपासून लांब, फरसाणाच्या स्टॉलमागे का होईना, पण ७५–८० च्या जागेत काढता आली तर उत्तम. तशी जागा मुद्दाम राखावी लागते. सध्या त्या कोपऱ्यातही कोणीतरी कर्णा टांगून ठेवतो.

गणपतीची मिरवणूक हे प्रकरण गरब्याहून वाईट, आणि त्याबद्दल बोलायला मराठी मंडळांनीच पुढे यायला हवे. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, न्यायमंदिर, सूरसागर हा जुन्या शहराचा भाग उघडे मैदान नाही. दोन्ही बाजूंना इमारतींच्या ओळी. मैदानात लहान स्पीकरपासून अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. इथे भिंती तो परतवतात आणि उतार कमी पडतो. गरब्यात माणूस थप्पीसमोरून येतो आणि पुढे जातो. मिरवणुकीत तो डीजेच्या गाडीपुढे तीन-चार मीटरवर चालत राहतो, आणि गाडी त्याच्यामागे. अंतर कधी वाढतच नाही. खांद्यावर बसवलेल्या पोराचा कान तर नेमका टॉपच्या उंचीवर येतो. त्या पोरासाठी माप ७५ चे आहे, हे पुन्हा सांगायला हवे. फोमचे प्लग चिमुकल्यांसाठी नाहीत: कानाची नळी अरुंद, आणि काढून तोंडात घालण्याचा धोका. त्यांना डोक्यावरून बसणारे इअरमफच लावावेत, आणि तरीही गाडीपासून लांब ठेवावे.

डीजेऐवजी ढोल-ताशा आणला म्हणजे प्रश्न सुटला, असे हल्ली ऐकू येते. कर्णकर्कश गाण्यांपेक्षा पथक बरे, हे सांस्कृतिक मत म्हणून ठीक. कानाला मात्र त्याने दिलासा नाही. ताशाचा आवाज तीक्ष्ण, वरच्या पट्ट्यातला आणि ठोक्याठोक्याने येणारा. मधल्या कानातला स्नायू मोठ्या आवाजाला आक्रसून थोडे संरक्षण देतो, पण त्याला आक्रसायला सुमारे दशांश सेकंद लागतो. ठोका तोवर आत पोचलेला असतो. ताशा वाजवणाऱ्याचा कान वाद्यापासून हातभर अंतरावर असतो, आणि पथकाचा सराव गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतो. पथकाच्या पोषाखात फेटा सक्तीचा असतो, तसा प्लगही असावा.

संगीत शिकणाऱ्यांनी याकडे खास बघायला हवे. याच शहरात १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, जिच्यातून आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीताची शाखा वाढली. फैयाज खाँ इथले दरबारी गायक. आज तबला, की-बोर्ड, गायन शिकणारी कितीतरी मुले नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवतात. चार पैसे मिळतात, ते गैर नाही. पण ४,००० हर्ट्झची खाच पडलेल्या तबलजीला चाटीची धार आणि तानपुऱ्याचे वरचे स्वरांश पूर्वीसारखे येत नाहीत, आणि जे गेले ते रियाझाने परत येत नाही.

आता प्लग. कापसाचा बोळा हा प्लग नव्हे. तो कसाबसा पाच-सात डेसिबल अडवतो, तेही वरच्या पट्ट्यात. गाणे थांबवलेले इअरफोन हाही प्लग नव्हे. फोमचा प्लग औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन दहा-वीस रुपयांत जोडी मिळतो, फक्त घालायचा कसा ते शिकावे लागते. हात स्वच्छ करून प्लग बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली वळी करायची. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवून बोटाने तीस सेकंद दाबून धरायचा, फुगेपर्यंत. आरशात बाहेर आलेला दिसत असेल तर तो बसलेला नाही. डबीवर किती डेसिबल अडतात त्याचा ३० चा आकडा असला तरी तितके मिळत नाही. व्यवहारात धरण्याचा ठोकताळा असा की आकड्यातून ७ वजा करून निम्मे करायचे, म्हणजे ११–१२. नीट बसवणाऱ्याला जास्त मिळतात, अर्धवट खोचणाऱ्याला जवळजवळ शून्य.

फोमची तक्रार अशी की गाणे पांघरुणातून ऐकल्यासारखे लागते. तक्रार खरी आहे, कारण फोम वरचे सूर जास्त अडवतो. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग सगळे पट्टे जवळजवळ सारखे उतरवतात. आवाज लहान होतो, गढूळ होत नाही. साधे हजार-दोन हजारांपासून मिळतात, कानाचा साचा घेऊन केलेले त्याहून बरेच महाग. १५ डेसिबलचा असा प्लग नीट बसला तर ९७ चे ८२ होतात, आणि ८२ ला आठवड्याचा कोटा २५ तासांचा आहे. २१ तासांचा गरबा त्यात मावतो.

इअरफोनबद्दल थोडक्यात, कारण तिथे चावी ज्याच्या त्याच्या हातात आहे. ‘६० टक्के आवाज, ६० मिनिटे’ हा नियम लोकांना पाठ आहे आणि तो अंदाजापलीकडे काही नाही. एका फोनचे ६० टक्के दुसऱ्याच्या ७५ टक्क्यांइतके असू शकतात. खरा धोका भोवतालच्या गोंगाटाचा. अहमदाबादला रोज अप-डाउन करणारा माणूस डब्याच्या खडखडाटावर गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवतो. डब्यात ७५–८० असतील तर गाणे सहज ८८ ला जाते, आणि ८८ ला आठवड्याचा कोटा साधारण सव्वासहा तासांचा. म्हणून कानात घट्ट बसणारे किंवा बाहेरचा आवाज रद्द करणारे इअरफोन घेणे ही चैन नाही, बाहेरचे अडले की आतले कमी पुरते. आयफोनमध्ये हेडफोनची वरची मर्यादा ७५ ते १०० डेसिबलच्या दरम्यान बांधता येते आणि सात दिवसांचा भारही दिसतो. मुलांच्या फोनवर ७५ लावून ठेवावी. हेडफोन त्याच कंपनीचा नसेल तर तो आकडा अंदाजे समजावा.

कान बधिर वाटणे किंवा कुई दोन दिवसांत गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. एका कानाचे ऐकणे अचानक गेले तर दोन दिवसही थांबू नये, त्या आजाराचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. चाचणीला जाण्याआधी किमान १४ तास मोठा आवाज टाळावा, आणि ३,००० व ६,००० हर्ट्झवरही मोजायला सांगावे. या दोन पायऱ्या वेळ वाचवायला बऱ्याचदा गाळतात आणि खाच तिथेच लपते.

या सगळ्यावर नेहमीचे उत्तर येते: आम्हाला सवय आहे. कानाला आवाजाची सवय होत नाही. आधीइतका आवाज आता मोठा वाटत नसेल, तर बहुधा ऐकणे कमी झालेले असते. दुसरे उत्तर: ज्याला त्रास होतो त्याने येऊ नये. पण त्रास त्या रात्री होतच नाही, दहा-पंधरा वर्षांनी होतो, आणि कोणाचा कान नाजूक हे आधी ओळखायची चाचणी नाही. तिसरे उत्तर जरा वजनदार आहे: आधीचेच नियम पाळले जात नाहीत, नवा कशाला? कारण हद्दीवरचा नियम पाळणे मोठ्या गरब्याला जवळजवळ अशक्य आहे, म्हणून तो सगळ्यांच्या संमतीने मोडला जातो. आत ९४ ठेवणे शक्य आहे, आणि आत उतरले की हद्दीवरही आपोआप उतरते. शेजाऱ्याला झोप मिळण्याचा हाच त्यातल्या त्यात खात्रीचा रस्ता आहे.

मोठ्या गरब्याची परवानगी मागताना अग्निशमन, पार्किंग, सीसीटीव्ही यांचे कागद लागतात. त्यांत चार ओळी वाढवाव्यात. लोक जिथे पोचू शकतात अशा सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी पंधरा मिनिटांची सरासरी ९४ च्या आत, सी मापनात ११० च्या आत. स्पीकरच्या थप्पीभोवती किमान चार मीटरचा दोर. गेटवर पासासोबत फोमच्या प्लगची जोडी आणि घालायचे चित्र. रात्रभराच्या नोंदीची फाईल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परवानगी देणाऱ्या कचेरीत. मिरवणुकीच्या गाड्यांना हेच, फक्त दोर गाडीपुढे सहा मीटर, आणि तो धरायला मंडळाचे दोन कार्यकर्ते. मैदानात प्रायोजकांच्या जाहिराती दाखवणारा एलईडी पडदा असतोच. त्याच्या एका कोपऱ्यात मीटरचा चालू आकडा दाखवायला एक वायर आणि ऑपरेटरची दहा मिनिटे लागतात.